वखारीचे दार

आमच्या घराला तीन दारे आहेत. पहिले पेठेकडचे, दुकानाचे. त्यातून गिऱ्हाईक येते. दुसरे चौकाचे, त्यातून घरची माणसे ये-जा करतात. तिसरे बोळाकडचे, वखारीचे; त्यातून एके काळी केवळ माल येत असे. आखाडा बाळापूर आणि आसपासच्या पेठांत व्यापारी कुटुंबांची जी जुनी घरे उरली आहेत, त्यांतील अनेकांची रचना वाचकांना अशीच आढळेल. पुढे धंदा, मागे साठा आणि वर बिऱ्हाड. आमच्या वखारीवरच्या माडीत माझ्या मातुःश्री राहतात, हे आरंभीच सांगितले पाहिजे, कारण पुढचा सारा हिशेब त्या माडीपाशी येऊन थांबतो.

वखार आता रिकामी असते. आडतीचा व्यवहार बाजार समितीच्या यार्डात गेला, हळद आणि सोयाबीन तिकडेच उतरू लागले, आणि घरच्या वखारीत मोठ्या काट्याची दांडी, लोखंडी वजने, पायली-अधोलीची मापे आणि काही जुन्या वह्या एवढेच राहिले. त्यामुळे धाकट्या भावाच्या मुलाने थार गाडी घेतली तेव्हा ती कोठे ठेवायची, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. वखारीचे दार उघडले, गाडी आत गेली, दार लागले. कोणी मोजमाप केले नाही. करण्याची गरजही नव्हती.

या गाडीचे आणि आमच्या घराचे नाते तसे जुने आहे. महिंद्रांची कंपनी १९४५ साली स्थापन झाली आणि १९४७ पासून त्यांनी विलीज जीप आपल्या देशात जोडावयास आरंभ केला. त्या घराण्यातली एक जुनी जीप वडिलांकडे होती. खेडोपाडी उगाईला जावयाचे तर दुसरे वाहन तेव्हा टिकतच नसे. तिच्यासाठीच वडिलांनी वखारीचे मूळचे अरुंद दार रुंद करवून घेतले. त्या खर्चाची नोंद १९८१ सालच्या दिवाळीला पूजलेल्या वहीत आहे : सुतार, गवंडी, सागवानी तुळई, आणि कडेला वडिलांच्या बारीक अक्षरात, ‘दार रुंदी फूट ७, उंची फूट ७ इंच २’. ही ओळ पुढे फार उपयोगी पडली. थार त्या जीपचीच नात म्हणावी. तिची सध्याची पिढी २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आली. तीन दारांच्या या गाडीची लांबी चार मीटरला पंधरा मिलिमीटर कमी आहे. चार मीटरच्या आतल्या आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनाच्या गाड्यांवर कर कमी, ही रेघ सरकारने आखली तेव्हापासून गाड्यांची लांबी करसल्लागाराला विचारून ठरत असावी, असे मला पुष्कळदा वाटते.

२०२४ च्या मे महिन्यात पुतण्या एका मोठ्या शहरात गेला आणि गाडी उचलून घेऊन आला. उचलणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी तरुण मुले आहेत त्यांना सांगावयास नको, इतरांसाठी सांगतो. गाडीच्या स्प्रिंगांना जाडसर कड्या, ज्यांना स्पेसर म्हणतात, त्या बसवून किंवा स्प्रिंगाच बदलून गाडीचे अंग चाकांपासून वर घेतात. त्यास लिफ्ट किट म्हणतात. याने दोन इंचांचे किट बसविले. शिवाय टायर बदलले : मूळचे व्यासाने एकतीस इंचांचे होते, नवे तेहतीस इंचांचे. टायरचा व्यास दोन इंच वाढला तरी गाडी वर जाते ती एकच इंच, कारण जमिनीपासून आसापर्यंत अर्धाच व्यास असतो. म्हणजे एकूण वाढ तीन इंच. मूळची उंची आमच्या टेपने सहा फूट अर्धा इंच होती. ती सहा फूट साडेतीन इंच झाली. वर सामानाची जाळी बसविण्याचाही विचार होता. तो, दैवयोगाने, पुढील महिन्यावर टाकलेला होता.

त्याची बाजू पोरकट नव्हती. आमच्याकडची जमीन काळी, भारी. पहिला मोठा पाऊस पडला की पाणंद रस्त्यांत ट्रॅक्टरच्या चाकांनी हातहात खोल चाकोऱ्या पडतात आणि मध्ये मातीचा उंचवटा राहतो. लहान गाडी त्या उंचवट्यावर पोटाने टेकते. मग चारी चाके फिरत राहतात आणि गाडी तेथेच. बियाणे दिलेल्या शेतकऱ्याचे पीक पाहणे, हळदीची लागण पाहणे, कोणाकडून किती माल येईल याचा अंदाज घेणे, ही कामे यार्डात बसून होत नाहीत. मुनिमहाराज चातुर्मासात विहार थांबवितात आणि आमच्या घरचा विहार नेमका तेव्हाच सुरू होतो, असे मातुःश्री त्याला म्हणतात. माझे मत थोडे वेगळे आहे. काळ्या मातीत गाडी पोटाने अडते तितकीच चाकाने अडते. टायरच्या खाचांत चिकण बसली की उंच गाडी आणि बुटकी गाडी सारखीच घसरते. परंतु चाकोरीचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर उंचीचा उपयोग होतो, हेही मान्य केले पाहिजे.

गाडी आली त्या संध्याकाळी ती वखारीत शिरेना. पुढचा भाग आत गेला, चालकाचे आसन उंबऱ्यापलीकडे गेले आणि छप्पर तुळईला घासले. पुतण्याने गाडी मागे घेतली, खाली उतरला, टेपने दार मोजले. सहा फूट सात इंच. गाडी सहा फूट साडेतीन. साडेतीन इंच मोकळे असताना गाडी अडते कशी, हे त्याला समजेना, आणि खरे सांगायचे तर आमच्यापैकी कोणालाच समजेना. त्या रात्री गाडी बोळात राहिली. बोळ बारा फुटांचा. पहाटे दुधाचा टेम्पो आला तेव्हा सगळी गल्ली जागी झाली.

दुसऱ्या दिवशी घरात तीन मते पडली. भाऊ म्हणाला, दारावरची तुळई काढून अर्धा फूट वर बसवू. भावजयींनी सुचविले की खालची फरशी खोदू. भिंतीला हात लावण्यापेक्षा ते सोपे. पुतण्याचे म्हणणे, परसातल्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड घालू. पण परसात जावयास वाट वखारीतूनच आहे, ही गोष्ट त्याच्या ध्यानात त्याच्या आईने आणून दिली. मिस्त्रींना बोलावणे धाडले. आमच्या घराचे काम गेली तीस वर्षे एकाच मिस्त्रींकडे आहे. ते कमी बोलतात आणि जास्त मोजतात, म्हणून वडिलांना प्रिय होते.

मिस्त्रींनी प्रथम दाराकडे पाहिलेच नाही. ते बोळात उभे राहून रस्त्याकडे पाहत राहिले. मग विचारले, “मालक, दार पहिल्यापासून एवढंच व्हतं का?” तेव्हा मला वहीतली ती ओळ आठवली. वही काढली. सात फूट दोन इंच. आज सहा फूट सात. तुळई तीच, तिच्यावर १९८१ च्या सुताराची खूणही तशीच. मग सात इंच गेले कोठे?

ते रस्त्याने खाल्ले होते. वडिलांच्या काळी बोळ मुरुमाचा होता. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत बोळात पहिला सिमेंटचा थर पडला. रस्ता वर आला, पावसाचे पाणी वखारीत येऊ लागले, हळदीची पोती भिजली. तेव्हा वखारीत आणि उंबऱ्यावर भर टाकून कोबा केला आणि जमीन सात इंच वर घेतली. दार तेवढे बुटके झाले, पण जीप केव्हाच विकलेली होती, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांत आले नाही. काही वर्षांनी जुना थर न उकरता त्यावरच दुसरा थर पडला. रस्ता पुन्हा सात इंच वर. यावेळी आम्ही जमीन उचलली नाही; रस्ता आणि आमची भिंत यांच्यामध्ये जी तीन फुटांची पट्टी आहे, जिच्यातून नाली जाते, तिच्यावर ढापा टाकून उताराची घसरण केली आणि उंबऱ्यापाशी पाणी अडविण्यास जाळी बसविली. गावोगावी हेच चालले आहे. जुना थर खरवडून मग नवा टाकावा, हे करणाऱ्यांना परवडत नाही आणि विचारणाऱ्यांना सुचत नाही; परिणामी घरे हळूहळू जमिनीत जात आहेत. आम्ही सगळे गाडी तीन इंच वर गेली म्हणून तिच्याकडे पाहत होतो. रस्ता चौदा इंच वर गेला होता.

तरी मूळ कोडे राहिलेच. दार सहा फूट सात आणि गाडी सहा फूट साडेतीन, तर अडते का? मिस्त्रींनी ते दोरीने सोडविले. ही युक्ती मी सविस्तर सांगतो, कारण वाचकांपैकी कोणाच्याही घरी उद्या हा प्रसंग येऊ शकतो आणि गाडी विकणारे ती सांगत नाहीत.

त्यांनी पुतण्याला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर विचारले. ते आठ फूट. तेवढी दोरी घेतली. तिचे एक टोक घसरणीच्या माथ्यावर, जेथे रस्ता संपतो तेथे, जमिनीला टेकवून धरले. ते मागचे चाक. घसरण तीन फुटांची, म्हणून दुसरे टोक उंबऱ्याच्या आत पाच फुटांवर जमिनीला टेकविले. ते पुढचे चाक. दोरी ताणली. आता दोरीच्या खाली, उंबऱ्यापाशी, पोकळी दिसू लागली, कारण तेथे जमीन खोलगट आणि दोरी सरळ. ती पोकळी मोजली : चार इंच तीन सूत. मिस्त्री म्हणाले, “गाडी जमिनीवर चालत न्हाई मालक, चाकावर चालती. दाराखाली येती तवा तिचं बूड ह्या दोरीवर असतंय.”

म्हणजे गाडीची उंची तुळईखाली जमिनीपासून मोजून भागत नाही, दोरीपासून मोजावी लागते. सहा फूट तीन इंच चार सूत, अधिक चार इंच तीन सूत : एकूण सहा फूट सात इंच सात सूत. दार सहा फूट सात. सात सुतांनी गाडी अडत होती. तीच दोरी जुन्या उंचीला लावली तर सहा फूट चार इंच सात सूत होतात, आणि दोन इंच एक सूत मोकळे राहतात. गाडी इतके महिने सुखाने आत जात होती ती या दोन इंचांच्या जोरावर.

दोरी एकदा हाती आल्यावर फरशी खोदण्याचा प्रस्तावही तेथेच निकालात निघाला. सात इंच खोदले तर दार पुन्हा सात फूट दोन इंच होईल खरे. पण रस्ता तेवढाच राहील, म्हणून तीन फुटांतली घसरण सात इंचांऐवजी चौदा इंचांची होईल आणि दोरीखालची पोकळी दुप्पट. मिस्त्रींनी जमिनीवर खडूने मांडून दाखविले : सात इंच खोदून पदरात पडतात अडीच इंच आणि एक सूत. गाडी जाईल, पण छपरावर दोन बोटे जागाही राहणार नाही, आणि बोळातले सारे पाणी वखारीत उतरेल. घसरण लांबवून सहा फुटांची केली असती तर पोकळी निम्म्यावर आली असती आणि उचललेली गाडीही आत गेली असती. परंतु त्यासाठी रस्त्याचे तीन फूट सिमेंट कापावे लागले असते. रस्ता आमचा नव्हे. भावजयींनी खडूचे आकडे नीट पाहिले आणि आपला प्रस्ताव मागे घेतला.

राहिली तुळई. ती वर घेण्याआधी भिंतीत काय आहे ते पाहू, असे म्हणून मिस्त्रींनी दारावरच्या कोपऱ्यातला गिलावा काढला. अडीच फूट जाडीची ती भिंत बाहेरून भक्कम दिसते. आत मात्र दोन स्वतंत्र भिंती आहेत : बाहेरच्या बाजूला दगडांचा एक थर, आतल्या बाजूला दुसरा, आणि मध्ये माती नि बारीक दगड. दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारा लांब दगड त्या उघड्या भागात एकही दिसला नाही. तुळईचे डावे टोक भिंतीत हातभर गेलेले, उजवे टोक जेमतेम वीतभर. १९८१ मध्ये दार रुंद करताना त्या बाजूला जागा राहिली नसावी. आणि उजव्या कोपऱ्यापासून तिरकी वर माडीकडे गेलेली एक चीर.

ही चीर पाहून आम्ही सगळे गप्प झालो, त्याला कारण होते. त्याच वर्षी २१ मार्चच्या सकाळी, सहा वाजून गेल्यावर, आमच्या भागाला दहा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले होते, पहिला ४.५ तीव्रतेचा, दुसरा ३.६ चा. हिंगोली, नांदेड, परभणी तिन्ही जिल्ह्यांत ते जाणवले. पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या, असे आवाहन नांदेडच्या प्रशासनाने तेव्हा केले होते. आमच्याकडे भांडी वाजली, मातुःश्री माडीवरून हळूहळू खाली आल्या, तासाभराने पुन्हा वर गेल्या. चीर त्या धक्क्याची की जुनीच, हे मिस्त्री सांगू शकले नाहीत. त्यांनी काचेची एक पातळ पट्टी घेतली, चिरेवर आडवी ठेवली, दोन्ही टोके प्लास्टरने पक्की केली आणि काचेवर तारीख लिहिली. चीर हलली तर काच तडकेल, लाकूड किंवा लोखंड वाकून राहील पण काच वाकत नाही, एवढेच ते बोलले.

आमच्या पिढीला दगड-मातीच्या भिंतीविषयी शिकवावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यात कोण विसरला आहे? अनंत चतुर्दशीला गणपतीचे विसर्जन करून घरोघरी लोक झोपले होते. किल्लारी आणि त्या परिसरात जी माणसे गेली, त्यांतील बहुतेक आपल्याच घराखाली गेली : दोन सुट्या थरांच्या जाड भिंती आणि वर पांढऱ्या मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात हेच माळवद गारवा देते, म्हणून आम्ही त्याचे कौतुक करीत आलो. त्या भूकंपात निराधार झालेल्या मुलांना भारतीय जैन संघटनेने पुण्याजवळ वाघोलीला नेले आणि शिकविले; ती मुले आता चाळिशीच्या घरात असतील. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला आणि त्यात उरलेली घरे मजबूत कशी करावीत हेही सांगितले गेले : भिंतीचे दोन थर आरपार दगडांनी बांधा, दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टा घाला, माळवदाची माती कमी करा. हे सारे आम्ही वाचले होते. आमच्या घरावरचे माळवद तसेच होते.

जूनचा उत्तरार्ध असाच गेला. गाडी बोळात. कोणी आरसा मुडपला, कोणी दारावर बोटाने नाव लिहिले. मातुःश्रींना शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला जावयाचे होते. गाडी एवढी उंच की पायरीसाठी चौरंग ठेवावा लागला आणि तो चौरंग परतीला मंदिराच्या आवारातच राहिला. त्या रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी आपण होऊन विषय काढला. “माझी खोली खाली चौकात घ्या. वरचं ओझं उतरवा, दार उंच करा, पोराची गाडी आत घ्या. मला काय, कुठंही झोप येते.” माझे वडील त्या माडीत गेले. तिथल्या खिडकीतून देरासराचे शिखर दिसते. हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी बोलले नाही. पुतण्या ताटावरून उठला.

१० जुलैच्या सकाळी सव्वासातच्या सुमारास धरणी पुन्हा हलली. यावेळीही ४.५ तीव्रतेचा धक्का, आणि केंद्र आमच्याच कळमनुरी तालुक्यात, रामेश्वर तांड्याजवळ. मी दुकानाच्या पायरीवर होतो. घरात शिरून पाहतो तो पुतण्या आजीला पाठुंगळीस घेऊन जिना उतरत होता. चौकात सगळे जमल्यावर तो मला म्हणाला, “काका, काच बघा.” काच मधोमध तडकली होती.

नांदेडहून एक अभियंता बोलाविले. त्यांनी तुळईला हात लावण्यास स्पष्ट नकार दिला. या भिंतीतून एकदा दार कापले गेले आहे; दुसऱ्यांदा कापायचे तर आधी वरचे सर्व ओझे उतरवून, लोखंडी टेकू देऊन, काँक्रीटचा पट्टा घालावा लागेल, आणि तो घातल्यावरही दार अर्धा फूट उंच होईलच याची हमी ते देईनात. त्यांच्या सल्ल्याने आम्ही दाराचे काम सोडले आणि भिंतीचे घेतले. माडीवरच्या माळवदाची माती उतरविली. किती टोपल्या निघाल्या ते मोजणे मजुरांनी दुसऱ्या दिवशी थांबविले. त्या जागी पत्रे आणि त्याखाली लाकडी तक्तपोशी केली. भिंतीला जागोजागी आरपार भोके घेऊन त्यांत लोखंड आणि काँक्रीट भरले, म्हणजे दोन्ही थर एकमेकांस बांधले गेले. तुळईच्या उजव्या टोकाखाली लोखंडी खांब दिला. या खर्चाचा आकडा मी येथे लिहीत नाही; गाडी उचलण्याच्या खर्चाच्या तो कितीतरी पट होता, आणि गाडी उचलली नसती तर गिलावा निघाला नसता, हे पुतण्या मला अधूनमधून ऐकवितो. त्याचे म्हणणे खोडून काढण्यासारखे माझ्याजवळ काही नाही.

गाडीचे काय झाले ते सांगतो. ऑगस्टमध्ये त्याने किट उतरविले आणि टायर पुन्हा कंपनीच्या मापाचे घातले. याचे श्रेय मी आजीच्या त्या रात्रीच्या बोलण्याला देतो. तो स्वतः विम्याला देतो. पॉलिसी नूतनीकरणाच्या वेळी त्याने प्रतिनिधीला विचारले, तेव्हा असा बदल कळविलेला नसेल तर अपघाताचा दावा अडू शकतो, असे उत्तर मिळाले. मग आम्ही कायदा पाहिला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्राचा मेळ बसणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. किट बसविणाऱ्याने यातले काही सांगितले नव्हते. व्यापाऱ्याच्या मुलाने पावती घेताना विचारावयास हवे होते, एवढे मी म्हणालो. तो म्हणाला, पावती मिळालीच नव्हती.

आता गाडी वखारीत असते. आत जाताना छपरावर दोन इंच एक सूत मोकळे राहतात. सामानाच्या जाळीचा विषय त्यामुळे कायमचा मिटला. रुंदीला दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच मिळतात, आरसे मुडपावे लागतात. डावीकडे भिंतीलगत लावली की चालकाचे दार पुरते उघडते. मागचे दार, ज्यावर पाचवे चाक असते, ते आडवे उघडते, म्हणून मागे तीन-चार फूट जागा सोडावी लागते. तेथे पूर्वी काटा होता, तो आता चौकात टांगला आहे. पाणंदीसाठी त्याने मूळच्याच मापाचे पण खोल खाचांचे टायर घेतले आणि चाकोरीत गाडी घालण्याऐवजी एक चाक उंचवट्यावर ठेवून चालवावयास शिकला. दोनदा अडकला, दोन्ही वेळा ट्रॅक्टरने ओढून काढले. मातुःश्री माडीवर परत गेल्या आहेत. पत्रे पावसात फार वाजतात, अशी त्यांची तक्रार आहे.

गेल्या महिन्यात बोळात पुन्हा मापे घेणारी माणसे दिसली. नवीन थर मंजूर झाल्याचे समजते. मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी येऊन दाराच्या चौकटीवर, आजच्या रस्त्याच्या पातळीला, लाल तैलरंगाची एक आडवी रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. बोळातल्या आणखी चार घरांनी त्यांना त्याच कामासाठी बोलाविले आहे. अर्जाचा मसुदा पुतण्या करतो आहे : जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकू नये. त्यावर आतापर्यंत अकरा सह्या झाल्या आहेत.